बलवान कुत्रा आणि पट्टा : गैरसमज व वस्तुस्थिती

पूर्ण वाढ झालेला जर्मन शेफर्ड नर 30 ते 40 किलो वजनाचा असतो, आणि ग्रेट डेन त्याहूनही पुष्कळ जड भरतो. असा प्राणी सकाळच्या गजबजलेल्या रस्त्यावरून फिरवून आणणारा मनुष्य वाटेवरच्या मुलांच्या व वृद्धांच्या सुरक्षिततेलाही जामीन राहिलेला असतो, म्हणून या बाबतीत रूढ झालेल्या काही समजुती पारखून घेणे अगत्याचे आहे.

गैरसमज : पट्ट्याचे वेढे मनगटाभोवती घेतले की पकड पक्की होते.
वस्तुस्थिती : मांजर आडवे जाताच कुत्र्याने झेप घेतली, तर हे वेढे क्षणार्धात आवळतात, बोटे मोडू शकतात, आणि हात सोडवता न आल्याने मनुष्य फरफटत जातो. पट्ट्याचा जादा भाग सैल घड्या घालून मुठीत धरावा, दुसऱ्या हाताने तो पुढे पकडावा, दोन्ही हात पोटाजवळ ठेवावेत आणि गुडघे किंचित वाकवून पाय रोवावेत, म्हणजे झटका एकट्या खांद्यावर न येता सर्व अंगावर वाटला जातो.

गैरसमज : कुत्रा ओढू लागला की आपणही तितक्याच जोराने ओढावे.
वस्तुस्थिती : सततच्या ताणाविरुद्ध रेटा देणे ही कुत्र्याची स्वाभाविक प्रवृत्ती आहे, शिवाय ओढल्याने पुढे जायला मिळते, असा अनुभव त्याला रोज आला की ती सवय दृढ होते. पट्टा ताठ होताच निश्चल उभे राहावे, सैल होताच चालू लागावे आणि शेजारून चालत असताना खाऊ द्यावा. हा क्रम घरातील सर्वांनी हयगय न करता पाळला, तरच तो फलद्रूप होतो.

गैरसमज : दांडगट कुत्र्याला गळा आवळणारी साखळीच हवी.
वस्तुस्थिती : गळ्यावरील दाबामुळे श्वासनलिकेला इजा पोहोचू शकते आणि डोळ्यांतील दाबही वाढतो. छातीपुढे कडी असलेला हार्नेस वापरल्यास ओढ घेणाऱ्या कुत्र्याचे अंग बाजूला वळते व त्याचा जोर आपोआप मोडतो. पाठीवर कडी असलेल्या हार्नेसमध्ये मात्र त्याला छातीच्या बळाने ओढणे अधिकच सोपे जाते.

गैरसमज : शेपूट हलवतोय, म्हणजे “काही करत नाही तो”.
वस्तुस्थिती : उंच व ताठ शेपूट जलद हलत असेल, तोंड मिटलेले, अंग ताठरलेले आणि नजर एकाच ठिकाणी खिळलेली असेल, तर ती उत्तेजनाची लक्षणे समजून तत्काळ रस्त्याची दुसरी बाजू धरावी. पाळीव प्राण्यापासून मनुष्याच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीला संभवणाऱ्या धोक्याविरुद्ध पुरेसा बंदोबस्त न करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 अन्वये गुन्हा असून, त्यास 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

प्रौढ कुत्र्याशी बळाची झुंज घेऊन त्याला जिंकण्याची आशा बहुतेकांनी धरू नये. त्याचे पाऊल पिल्लू असल्यापासून आपल्या पावलाशी जुळवून घ्यावे आणि रस्त्यावर त्याच्या आधी आपली दृष्टी पुढे जावी, हीच पालकत्वाची खरी जबाबदारी होय.