नांगर टाकल्यानंतरचं काम

शिडाच्या बोटीवर घर करून जग फिरणाऱ्यांविषयी एक समज पक्का आहे: कष्ट काय ते समुद्र ओलांडताना, एकदा बेटाशी नांगर पडला की सुट्टीच. हिशोब उलटा आहे. पनामाहून मार्केसास बेटांपर्यंत सुमारे ४००० सागरी मैल, महिनाभर किंवा त्याहून जास्त प्रवास. पण व्यापारी वारे पाठीशी असतात, सुकाणू वाऱ्यावर चालणारं यंत्र सांभाळतं आणि बोटीखाली कैक किलोमीटर पाणी असतं. आपटायला काही नसतंच. आपटण्याजोगं सगळं सुरू होतं ते किनाऱ्यापाशी. नांगरावर राहणं हे एक स्वतंत्र काम आहे, आणि ते जमलं की नाही हे बेटाला त्याची झळ किती कमी लागली यावरून ठरतं, असं माझं म्हणणं आहे.

फ्रेंच पॉलिनेशियातल्या तुआमोतू द्वीपसमूहातलं फाकारावा घ्या. हे कंकणद्वीप: प्रवाळाची अरुंद कडी आणि आत सुमारे ६० किलोमीटर लांबीचं लगून. उत्तरेच्या गारुए खिंडीतून आत शिरायचं तर प्रवाह मंदावायची वाट पाहावी लागते. कोकणात तिथीवरून भरतीचा अंदाज बांधता येतो. इथे तेवढ्यावर भागत नाही. दक्षिणेकडून मोठ्या लाटा आल्या की त्या बुटक्या प्रवाळकड्यावरून आत पडतात, लगून भरतं आणि खिंडीतून पाणी बाहेरच धावत राहतं, कोष्टकात भरती लिहिलेली असली तरी. आत आल्यावरही सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असतानाच हलायचं, कारण पाण्याखालचे प्रवाळाचे ठोकळे तेव्हाच नीट दिसतात. एकजण नाळेवर उभा राहून हाताने दिशा दाखवतो.

नांगर पडतो वाळूत, पण १२ मीटर खोलीला ५० मीटर साखळी सोडावी लागते. १० मिलिमीटर जाडीच्या कड्यांची ही साखळी शंभर किलोच्या वर भरते. बोटीला धरून ठेवतो तो नुसता नांगर नव्हे. तळावर लोळणाऱ्या साखळीमुळे नांगरावरचा ओढा आडवा राहतो, म्हणून तो रुततो. आणि तीच इथली अडचण. वारा फिरतो, बोट फिरते, साखळी एखाद्या ठोकळ्याला वेढा घालते. मग ५० मीटरची साखळी कामापुरती १५ मीटरची उरते, उभी आणि ताठ. लाटेबरोबर नाळ उचलली गेली की हिसका थेट बोटीला. खाली प्रवाळ तुटतो तो वेगळाच. यावर उपाय म्हणजे तरंगे, बहुतेकदा काळ्या मोत्यांच्या शेतीतून सुटून किनाऱ्याला लागलेले. नांगराजवळचा भाग वाळूत लोळू द्यायचा, पुढे ठराविक अंतरावर एकेक तरंगा बांधायचा, म्हणजे उरलेली साखळी ठोकळ्यांच्या माथ्यावरून झुलती राहते. अंतर चुकलं की पुन्हा बांधणी. त्यासाठी कुणीतरी तोंडात नळी धरून पाण्यात उतरतं, साखळीच्या टोकापर्यंत जाऊन येतं. वारा बदलला की परत तेच.

कुणी म्हणेल, आता जीपीएसचा गजर आहे, समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र आहे, सौरपट्ट्या आहेत. कसले आलेत कष्ट? गजर वाजतो तो नांगर घसरल्यावर. पाण्याचं यंत्र खारं पाणी प्रचंड दाबाने पडद्यातून ढकलतं, त्याला वीज लागते. चार दिवस आभाळ राहिलं की पाणी हवं की फ्रीज, हा प्रश्न उभा राहतो. मोजदाद संपत नाही, लिटरऐवजी अँपिअर-तासांत होते इतकंच. मात्र या यंत्राने एक भलं खरंच केलं. कंकणद्वीपावर नदी नाही, ओढा नाही. लोक छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवून दिवस काढतात. तिथे कॅन घेऊन पाणी मागायला जाणं म्हणजे अक्षरशः त्यांच्या तोंडचं पाणी काढून घेणं. ते आता टळू शकतं.

दुसरा आक्षेप बोचरा आहे: ही सगळी पैसेवाल्यांची हौस. बोटींच्या किमती पाहता तो खोडता येत नाही, खोडायचं कारणही नाही. बोरा बोराला पाहुण्या बोटींना हवा तिथे नांगर टाकता येत नाही, पैसे भरून पक्क्या बोयाला बांधावं लागतं. त्यावर कुरकुर होते, समुद्र काय कुणाच्या मालकीचा आहे का म्हणून. महासागर नसेल, लगून म्हणजे गावाचं गायरान आहे. आणि तिथलं नुकसान बोटीबरोबर निघून जात नाही. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ चढतं, शेवाळावर गॅम्बिअरडिस्कस नावाचा सूक्ष्मजीव वाढतो (नाव पॉलिनेशियातल्याच गांबिए बेटांवरून), आणि त्याचं विष लहान माशांतून मोठ्या माशांत साठतं. ही सिग्वातेरा विषबाधा. शिजवून, तळून, गोठवून ते विष जात नाही. माशाला वास येत नाही, चव बदलत नाही. कुठल्या खडकापाशी कुठला मासा खावा, हे तिथल्या मासेमाराला विचारण्यातच शहाणपण असतं. साखळीने एक ठोकळा मोडला की विष झालंच, असं नव्हे. पण ज्याला मासा विचारायचा, त्याच्याच खडकावर साखळी ओढायची, हे बोटवाल्याच्या स्वार्थातही बसत नाही.

निघायच्या सकाळी साखळी वर येताना एकजण नाळेवर गुडघे टेकून तरंगे एकेक करून सोडतो. कड्यांतून नुसती वाळू गळाली तर ठीक. एखाद्या कडीत खरखरीत पांढरा तुकडा अडकून आला, तर मधल्या दिवसांत कधीतरी कुणी पाण्यात उतरायचा कंटाळा केलेला असतो.