एकफलकी संगणकावर अतिरिक्त सिरियल पोर्ट कार्यान्वित करणे : रास्पबेरी पाय ४ च्या संदर्भात

बीजसंज्ञा : एकफलकी संगणक, सिरियल पोर्ट, यूएआरटी, डिव्हाइस ट्री, प्रयोगशाळा उपकरणे

प्रस्तावना

महाविद्यालयीन प्रयोगशाळांमध्ये अंकीय तराजू, पीएच मापक, वर्णपटमापक यांसारखी अनेक उपकरणे आजही अचूक वाचने देतात. त्यांच्या मागील बाजूस आरएस-२३२ पद्धतीचा नऊ पिनांचा सिरियल पोर्ट असतो. परंतु नव्या संगणकांतून हा पोर्ट जवळजवळ नाहीसा झाल्याने उपकरण चालू असूनही त्याचा संगणकाशी संबंध तुटतो. परिणामी विद्यार्थी वाचने हाताने उतरवून घेतात, आणि कालांतराने उपकरणाची नोंद 'निर्लेखित करावयाच्या वस्तूं'च्या यादीत होते. अल्प किमतीचा एकफलकी संगणक हा दुवा पुन्हा जोडू शकतो. मात्र एकापेक्षा अधिक उपकरणे जोडावयाची असल्यास एक पोर्ट पुरत नाही. रास्पबेरी पाय ४ या संगणकावर अतिरिक्त सिरियल पोर्ट कसा कार्यान्वित करावा आणि त्यामागील कार्यकारणभाव काय, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सिरियल संप्रेषणाचे स्वरूप

सिरियल संप्रेषणात एका तारेवरून एकामागून एक बिट पाठविले जातात. हे कार्य करणाऱ्या मंडलास यूएआरटी म्हणतात. निष्क्रिय अवस्थेत तार उच्च पातळीवर असते. प्रारंभी एक आरंभ बिट, त्यानंतर सामान्यतः ८ माहिती बिट आणि शेवटी एक विराम बिट अशी १० बिटांची चौकट तयार होते. ९६०० बॉड या वेगाने प्रत्येक बिटास सुमारे १०४ मायक्रोसेकंद लागतात व सेकंदाला कमाल ९६० अक्षरे जातात. दोन्ही बाजूंना समाईक घड्याळ नसल्याने ग्राहक यंत्र आरंभ बिटापासून स्वतः वेळ मोजते. शेवटच्या बिटाच्या मध्यापर्यंत साचलेली चूक अर्ध्या बिटापेक्षा कमी असावी लागते. म्हणजेच दोन्ही बाजूंच्या वेगातील एकूण तफावत सुमारे ५ टक्क्यांच्या आत असणे अनिवार्य ठरते.

दोन प्रकारचे यूएआरटी

जून २०१९ मध्ये प्रसृत झालेल्या रास्पबेरी पाय ४ मधील बीसीएम२७११ या चिपमध्ये एकूण ६ यूएआरटी आहेत. त्यांपैकी क्रमांक ०, २, ३, ४ व ५ हे पीएल०११ या पूर्ण क्षमतेच्या प्रकारचे असून क्रमांक १ हा 'मिनी यूएआरटी' आहे. प्रारंभिक रचनेत पीएल०११ प्रकारचा क्रमांक ० ब्लूटूथकडे दिलेला असतो आणि पिन ८ व १० वर मिनी यूएआरटी उपलब्ध होतो.

मिनी यूएआरटीच्या दोन मर्यादा प्रयोगशाळेच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे त्याचा वेग चिपच्या गाभ्याच्या घड्याळावरून ठरतो. ते घड्याळ बदलल्यास बॉड वेगही बदलतो आणि वाचनांऐवजी निरर्थक चिन्हे दिसू लागतात. यासाठी गाभ्याचे घड्याळ स्थिर ठेवावे लागते. दुसरी म्हणजे त्यात समता बिटाची सोय नाही. काही जुन्या तराजूंमध्ये ७ माहिती बिट व एक समता बिट अशी मांडणी असते. तेथे मिनी यूएआरटी निरुपयोगी ठरतो. म्हणून अतिरिक्त पोर्ट हा केवळ संख्यावाढीचा नव्हे, तर मापनाच्या विश्वासार्हतेचाही प्रश्न आहे.

पोर्टची निवड

क्रमांक २ ते ५ हे यूएआरटी चिपमध्ये असले तरी प्रारंभी बंद असतात, कारण त्यांच्या पिनांवर इतर कार्येही अवलंबून असतात. क्रमांक २ जीपीआयओ ० व १ वापरतो. या पिना जोडफलकांची ओळख पटविण्यासाठी राखीव आहेत. क्रमांक ३ जीपीआयओ ४ व ५ वर येतो. त्यांपैकी जीपीआयओ ४ वर तापमान संवेदकांची एकतारी जोडणी प्रचलित आहे. क्रमांक ४ जीपीआयओ ८ व ९ वर असल्याने एसपीआय जोडणीशी संघर्ष होतो. क्रमांक ५ जीपीआयओ १२ व १३, म्हणजे फलकावरील पिन ३२ व ३३ वापरतो. स्पंदरुंदी नियमनासाठी या पिना लागत नसतील, तर क्रमांक ५ ची निवड सर्वांत सोयीची ठरते.

कार्यान्वयनाची पद्धती

फलकावर कोणती मंडले वापरात आहेत हे लिनक्स प्रणाली 'डिव्हाइस ट्री' या वर्णनावरून जाणते. त्या वर्णनात लहानसा बदल करणाऱ्या पूरक तुकड्यास 'ओव्हरले' म्हणतात. ओव्हरले यूएआरटीची स्थिती 'बंद' वरून 'चालू' करतो आणि संबंधित पिनांना ते कार्य नेमून देतो.

१. कॉन्फिग.टीएक्सटी ही फाइल प्रशासकाच्या अधिकाराने उघडावी. २०२३ मधील 'बुकवर्म' आवृत्तीपासून ती बूट निर्देशिकेतील फर्मवेअर या उपनिर्देशिकेत असते. त्यापूर्वी ती थेट बूट निर्देशिकेत असे.
२. फाइलच्या शेवटी 'डीटीओव्हरले=यूएआरटी५' ही ओळ रोमन लिपीतील लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता लिहावी.
३. संगणक पुन्हा सुरू करावा.
४. 'डेव्ह' निर्देशिकेत 'टीटीवायएएमए' या नावाने सुरू होणारा नवा पोर्ट दिसतो का, ते पाहावे. जुन्या कर्नेलमध्ये त्याचा अंत्यक्रमांक यूएआरटीच्या क्रमांकाशी जुळेलच असे नाही. म्हणून बदलापूर्वीची व नंतरची यादी ताडून पाहावी.
५. वापरकर्त्याचा समावेश 'डायलआउट' गटात करावा, अन्यथा परवानगी नाकारली जाते.

पडताळणी व सुरक्षितता

उपकरण जोडण्यापूर्वी पिन ३२ व ३३ एका तारेने जोडाव्यात. मिनिकॉमसारख्या आज्ञावलीत स्थानिक प्रतिध्वनी व हार्डवेअर प्रवाहनियंत्रण बंद करून अक्षर टंकित केल्यास ते पडद्यावर उमटते; तार काढताच ते उमटणे थांबते. दोन्ही निरीक्षणे मिळाल्यावरच पोर्ट कार्यरत असल्याचे मानावे.

येथे एक दक्षता अपरिहार्य आहे. फलकाच्या पिना केवळ ३.३ व्होल्ट सहन करतात, तर आरएस-२३२ मध्ये संकेत उणे १५ ते अधिक १५ व्होल्टपर्यंत असू शकतात आणि त्यांची तार्किक दिशाही उलट असते. थेट जोडणी केल्यास फलक कायमचा निकामी होऊ शकतो. त्यामुळे मध्ये मॅक्स३२३२ सारखा पातळी परिवर्तक वापरावा, दोहोंची भूमी पिन ३४ शी जोडावी आणि एका बाजूचे प्रेषण दुसऱ्या बाजूच्या ग्रहणाशी जोडले गेल्याची खात्री करावी.

मर्यादा

ही पद्धती पाय ४ पुरती आहे. पाय ३ मध्ये दोनच यूएआरटी असल्याने तेथे ब्लूटूथ बंद करून पीएल०११ मोकळा करणे किंवा यूएसबी परिवर्तक वापरणे हे पर्याय उरतात. पाय ५ मध्ये हे कार्य आरपी१ या स्वतंत्र चिपकडे असल्याने ओव्हरलेंची नावे निराळी आहेत.

समारोप

अतिरिक्त पोर्टसाठी एक ओळ लिहिणे पुरेसे असले, तरी कोणता यूएआरटी, कोणत्या पिना व कोणती विद्युत्पातळी यांचा विचार त्या ओळीपूर्वी व्हावा लागतो. हा विचार विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास पदार्थविज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स व संगणकशास्त्र या तिन्ही विषयांचा मेळ एकाच प्रात्यक्षिकात साधता येतो. सुस्थितीतील उपकरण केवळ जोडणीअभावी निर्लेखित होण्यापूर्वी विभागांनी हा पर्याय अवश्य तपासून पाहावा.