पंखा-चलित्र चालक चिप

पंखा-चलित्र चालक चिप : ब्रशविरहित एकदिश प्रवाह चलित्रावर चालणाऱ्या लहान शीतक पंख्याच्या वेटोळ्यांतील विद्युत् प्रवाहाची दिशा योग्य क्षणी बदलणारे संकलित मंडल. संगणक, विद्युत् पुरवठा संच, इन्व्हर्टर इ. उपकरणांतील उष्णता बाहेर टाकणाऱ्या, बहुधा ५, १२ वा २४ व्होल्ट दाबाच्या पंख्यांत ते बसविलेले असते.

तत्त्व व रचना : जुन्या पद्धतीच्या एकदिश प्रवाह चलित्रात प्रवाहाची दिशा दिक्‌परिवर्तक व त्यावर घासणारे कार्बनाचे ब्रश बदलतात. ब्रश झिजतात व ठिणग्या पडतात, म्हणून अखंड चालणाऱ्या पंख्यास ते गैरसोयीचे असतात. ब्रशविरहित पंख्यात वेटोळी स्थिर असून पात्यांबरोबर कायम चुंबकाचे कडे फिरते. चुंबकाचा कोणता ध्रुव समोर आहे, हे चिपमधील हॉल घटक ओळखतो. प्रवाहवाहकावर चुंबकीय क्षेत्राच्या होणाऱ्या ज्या परिणामावर हा घटक आधारलेला आहे, तो एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधून काढला. ध्रुव बदलताच चिपमधील चार ट्रँझिस्टरांचा सेतू वेटोळ्यातील प्रवाह उलटवितो व भ्रमण चालू राहते. एककला चलित्रात काही स्थानी परिबल शून्य होते. तेथे पंखा थांबून अडकू नये म्हणून स्थाणुकाच्या ध्रुवांचा आकार किंचित असममित ठेवतात.

संरक्षण : धुळीने किंवा धारवा बिघडल्याने पंखा अडकला, तर वेटोळ्यातील प्रवाह वाढून ते जळू शकते. अशा वेळी चिप प्रवाह तोडते व काही सेकंदांनी पंखा सुरू करण्याचा पुन्हा प्रयत्न करते. अनेक पंख्यांतील तिसऱ्या तारेवर प्रत्येक फेऱ्यास सामान्यतः दोन स्पंद मिळतात. त्यांवरून पंखा थांबल्याचे उपकरणास कळते. नांदेड जिल्ह्यातील लोह्यासारख्या ठिकाणी उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. तेव्हा आत येणारी हवाच तप्त असल्याने उपकरणास उष्णता सोसण्यास फारसा वाव उरत नाही व ही सूचना विशेष मोलाची ठरते.

वेगनियंत्रण : चार तारांच्या पंख्यांत वेगाची आज्ञा सु. २५ किलोहर्ट्‌झ कंप्रतेच्या स्पंदांच्या रुंदीने दिली जाते. ही कंप्रता मानवी श्रवणमर्यादेपलीकडची असल्याने तिचा आवाज ऐकू येत नाही. पंख्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने वेग निम्मा केल्यास ती सु. एक अष्टमांश होते.

छतपंखे : हेच तत्त्व आता छतपंख्यांतही वापरतात, मात्र तेथे प्रत्यावर्ती प्रवाह प्रथम एकदिश करावा लागतो आणि वेटोळी सामान्यतः त्रिकला असतात. आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी मनोज मीना व सिबब्रत दास यांनी २०१२ मध्ये स्थापन केलेल्या अ‍ॅटमबर्ग कंपनीने असे पंखे भारतीय बाजारात आणले. सामान्य छतपंख्यास पूर्ण वेगास सु. ७५ वॉट, तर यास सु. ३० वॉट शक्ती लागते. म्हणजे दहा तासांत ०·७५ ऐवजी ०·३० युनिट वीज खर्च होते. वीज गेल्यावर इन्व्हर्टरच्या बॅटरीवरील पंख्याचा भारही निम्म्याहून कमी होतो. मात्र चालक मंडल बिघडल्यास बहुधा संपूर्ण फळी बदलावी लागते. जुन्या पंख्याप्रमाणे केवळ कंडेन्सर बदलून भागत नाही.