कुत्रा सोडणं सोपं असतं

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराभोवतीच्या उपनगरांत पोलीस रहिवाशांसाठी संध्याकाळचे वर्ग भरवतात. कायदा, गस्त, वाहतूक या विषयांना लोक जांभया देत बसतात. श्वान पथकाच्या दिवशी मात्र पोराबाळांसकट हजर. मीही अशा एका वर्गात नाव घातलं होतं. कुत्रा झेपावला की टाळ्या पडतात. पण पुढचा भाग कुणी फारसा पाहत नाही, आणि खरी कसोटी तिथेच असते: धरलेलं सोडायला कुत्रा किती वेळ घेतो?

कुत्रा होता बेल्जियन मॅलिनॉईज. तांबूस अंग, काळं तोंड, आणि एका जागी उभं राहणं म्हणजे शिक्षाच असा स्वभाव. यातले बरेच कुत्रे युरोपातून विकत आणलेले असतात, म्हणून हुकूमही डच नाहीतर जर्मन. ‘लोस’ म्हटलं की सोडायचं. जाड, फुगीर सूट चढवून एक पोलीस गुन्हेगाराचं सोंग घेतो. त्याला म्हणतात डिकॉय. तो पळतो, कुत्रा दंडाला लटकतो. कुत्र्याच्या मनात राग वगैरे काही नसतो. त्याच्या लेखी हा खेळ आहे आणि चावा हेच बक्षीस. हातातोंडाशी आलेलं बक्षीस मालकाच्या एका शब्दावर टाकून द्यायचं, हे शिकवायला महिने जातात आणि सराव थोडा ढिला पडला की विसरायला वेळ लागत नाही. सुटत नसेल तर हँडलर, म्हणजे कुत्रा सांभाळणारा पोलीस, गळपट्टा वर खेचून धरतो, नाहीतर पट्ट्यातून विजेचा झटका देतो. त्या संध्याकाळी पहिल्या ‘लोस’ला कुत्र्यानं फक्त कान हलवले.

तागाची जाड बाही मलाही चढवायला दिली. दात लागत नाहीत, पण दाब हाडापर्यंत पोचतो. ‘हात स्थिर ठेवा,’ असं आधीच बजावलं होतं. तरी कुत्र्यानं धरताक्षणी मी हात मागे ओढला. ओढलं की तो आणखी घट्ट धरतो, कारण हलणारी वस्तू म्हणजे पळणारी शिकार. खऱ्या अटकेत पोलीस याच वेळी ओरडत असतात, ‘कुत्र्याशी झटापट करू नकोस!’ आणि नंतर अहवालात लिहिलं जातं की संशयितानं प्रतिकार केला, म्हणून चावा सुरू ठेवावा लागला. ज्याच्या मांसात दात रुतलेत त्यानं पुतळ्यासारखं उभं राहायचं, ही अपेक्षा मला बाही घातलेली असतानाही पाळता आली नाही.

लाठी, टेसर, पिस्तूल हे पोलिसाच्या हातात असतं. थांबायचं ठरवलं की हात थांबतो. कुत्र्याच्या बाबतीत पोलीस ठरवतो आणि दुसराच जीव ते पाळतो किंवा पाळत नाही. काही पथकं कुत्र्याला माणूस सापडला की भुंकून घेरायला शिकवतात. अमेरिकेत मात्र बहुतांश पथकांचे कुत्रे सापडेल त्याला धरतात, आणि अंधाऱ्या तळघरात समोरच्यानं हात वर केलेत की नाही हे कुत्रा बघत बसत नाही.

मग जाब कुणाला विचारायचा? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये ‘ग्रॅहम विरुद्ध कॉनर’ खटल्यात निकष घालून दिला: त्या क्षणी त्या जागी असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेनं बळाचा वापर वाजवी होता का? वाचायला रास्त वाटतं. पण कुत्र्यांच्या प्रकरणांत त्या निकषापर्यंत न पोचताच खटला कसा संपू शकतो ते नॅशव्हिलच्या एका खटल्यात दिसलं. २०१४ मध्ये घरफोडीच्या संशयावरून पाठलाग झालेला एक माणूस तळघरात सापडला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो बसून होता, हात वर होते; तरी कुत्रा सोडला गेला. आधीच्या एका निकालात जमिनीवर आडव्या पडून शरण आलेल्या माणसावर कुत्रा सोडणं चूक ठरलं होतं. पण हा आडवा नव्हता, बसलेला होता. तेव्हा यात हक्कभंग होतो हे पोलिसांना स्पष्ट माहीत असायला हवं होतं असं म्हणता येत नाही, असं सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं २०१८ मध्ये ठरवलं आणि पोलिसांना संरक्षण मिळालं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला. बसणं आणि पडणं यांतलं अंतर एवढं मोठं असू शकतं! ओहायोही याच अपील न्यायालयाच्या अखत्यारीत येतं.

कोलंबसच्या दक्षिणेला सर्कलव्हिल नावाचं छोटं शहर आहे. ४ जुलै २०२३ रोजी तिथल्या एका पोलिसानं हात वर केलेल्या कृष्णवर्णीय ट्रकचालकावर कुत्रा सोडला. तिथेच हजर असलेला राज्य पोलीस दलाचा जवान ‘हात वर आहेत, कुत्रा सोडू नका’ असं पुन्हा पुन्हा ओरडून सांगत होता. ते सगळं कॅमेऱ्यात आहे. शहर पोलिसांच्या समितीनं मात्र धोरणाचा भंग झालेला नाही असं म्हटलं. तरी त्या अधिकाऱ्याची नोकरी गेली. धोरणात बसणारी कृती करून माणूस नोकरीला मुकत असेल, तर मला त्या माणसाइतकंच ते धोरणही तपासावंसं वाटतं. चावे कुणाच्या वाट्याला येतात हाही प्रश्न आहेच: मिझूरी राज्यातल्या फर्ग्युसन शहराच्या पोलिसांविषयी अमेरिकेच्या न्याय विभागानं २०१५ मध्ये दिलेल्या अहवालात चाव्याच्या ज्या-ज्या घटनेत वंशाची नोंद सापडली, त्या प्रत्येकीत चावा घेतला गेला तो कृष्णवर्णीय माणसाचा.

आपल्याकडे महाराष्ट्रात पोलिसांचा कुत्रा मुख्यतः वासासाठी ओळखला जातो. १९९३ च्या मुंबई स्फोटांनंतर स्फोटकं हुडकणारा ‘झंजीर’ अजून लोकांच्या आठवणीत आहे. कुत्र्यानं काढलेल्या मागावर किती विसंबावं हा प्रश्न ‘अब्दुल रजाक दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. कुत्रा साक्षीच्या पिंजऱ्यात येऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही, त्याच्या वतीनं हँडलर बोलणार, तेव्हा अशा पुराव्याला फार वजन देता येत नाही, असा निकालाचा रोख होता. चाव्यालाही तेच लागू पडतं. फरक इतकाच की इथे हँडलर कुत्र्याबरोबर स्वतःच्या हुकुमाबद्दलही बोलत असतो.

वर्ग संपल्यावर हँडलरनं अहवालाचा कोरा नमुना दाखवला. इशारा दिला का, किती वेळा, गुन्हा कोणता, जखम कुठे, फोटो काढले का, वैद्यकीय मदत कधी बोलावली. चावा किती सेकंद टिकला, याला रकाना नव्हता.

‘व्हिडिओ असतो की,’ तो म्हणाला.

‘मग त्यातली सेकंदं कोण मोजतं?’

‘सार्जंटला वाटलं तर सार्जंट,’ कुत्र्याला गाडीच्या पिंजऱ्यात चढवत तो म्हणाला, ‘नाहीतर समोरच्याचा वकील.’