बंदुकीवरचा क्रमांक आणि पांढरा रंग

सौंसर-पांढुर्ण्याच्या शिवारात मका, भुईमूग, हरभरा उभा राहिला की रानडुकरं सातपुड्याच्या उतारावरून खाली उतरतात. एका रात्रीत धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत रान उलथून टाकतात. म्हणून इथल्या काही जुन्या कास्तकारांच्या घरी पीक-राखणीच्या परवान्याची बारा बोअरची दोननळी बंदूक असते. रानडुक्कर मारायचं तर वेगळी परवानगी लागते. एरवी बंदूक भिंतीवर आणि तिचा परवाना कपाटात असतो.

परवान्यावर लिहिलेला क्रमांक बंदुकीवरही वाचता आला पाहिजे. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि बंदूक ठाण्यात जमा करायची वेळ आली की दोन्ही क्रमांक ताडून पाहतात. नूतनीकरणातही तेच. 2023 साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. परवान्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्याचा असल्यामुळे त्याचे कागद आता छिंदवाड्याऐवजी पांढुर्ण्याचे. पण वर्षानुवर्षांच्या तेला-धुळीनं कोरीव अंक बुजतात आणि तीनचा आठ वाटू लागतो.

सौंसरच्या एका वयस्क कास्तकाराला मी हे अंक पुन्हा उजळताना शेजारी बसून पाहिलं. बंदूक पेंटरच्या दुकानात सोडून येता येत नाही. परवाना नसलेल्याच्या ताब्यात ती देणं हाच गुन्हा. म्हणून हे काम मालकाच्याच हातचं. त्यांनी बंदूक उघडून दोन्ही नळ्या उजेडाकडे धरल्या आणि मुलाला म्हणाले, “आधी नळीत पाय, मंग रंगाची डबी उघड.” काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात होती.

स्पिरिटमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशनं त्यांनी एकेक अंक घासला. खाचेत तेलाचा अंश राहिला तर रंग पापडीसारखा सुटतो. मग पांढरा ऑइल पेंट दातकोरणीच्या टोकानं अंकांत दाबून भरला, काठाबाहेर गेला तरी चालेल इतका. रंग थोडा चिकट होईपर्यंत थांबले. त्यानंतरची पुसण्याची रीत पाहण्यासारखी होती. सुती कापड पत्त्याच्या पानावर ताणून गुंडाळलं, टर्पेंटाइननं जेमतेम ओलसर केलं आणि अंकांच्या रांगेला आडवं, एकाच दिशेनं ओढलं. कापड सैल असलं तर ते खाचेत उतरतं आणि आतला रंगही घेऊन येतं. ताणलेलं कापड फक्त वरचा थर नेतं. निळसर-काळ्या पोलादावर अंक स्वच्छ उमटले. थिनर त्यांनी बंदुकीजवळ येऊ दिला नाही, कारण तो लाकडी दस्त्याचं पॉलिश खातो. दिवसभर वाळल्यावर तेलाचा पातळ हात फिरवला की काम पूर्ण.

नळ्या उतरवल्यावर त्यांच्या मुळाशी, सपाट भागावर आणखी खुणा दिसतात. जुन्या इंग्रजी बंदुकांवर तिथे बर्मिंगहॅमच्या किंवा लंडनच्या चाचणीगृहाचा शिक्का असतो आणि अनेकदा काडतुसाच्या खणाची लांबीही. लांबीची ही खूण जिवाशी निगडित आहे. अडीच इंची खणात पावणेतीन इंची काडतूस सहज बसतं, कारण न उडवलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं. बार उडाला की ते तोंड उलगडून नळीच्या अरुंद भागात अडतं आणि दाब धोकादायकपणे वाढतो. बाजारात पावणेतीन इंची काडतुसंही मिळतात. म्हणून ही खूणही त्यांनी तितक्याच निगुतीनं रंगवली.

रंग भरणं आणि अंक खोल करणं यांत मोठा फरक आहे. रंग केव्हाही पुसता येतो, कानस किंवा सँडपेपरनं गेलेलं पोलाद परत येत नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमाचं कलम 8 बंदुकीवरचं नाव, क्रमांक वा ओळखखूण पुसायला, काढायला किंवा बदलायला मनाई करतं. चकाकीच्या हौसेपायी कुणी नळीवर पॉलिशचं चाक फिरवलं तर अंक झिजतात आणि सज्जन माणूसही अडचणीत सापडतो.

घरात परवान्याची बंदूक असेल तर एवढं करा. ती रिकामी आहे याची खात्री करून परवान्यावरचा क्रमांक तिच्यावर नीट वाचता येतो का ते पाहा. अंधुक असेल तर रंग भरा. अंक झिजलाच असेल तर स्वतः काहीही कोरू नका, परवाना घेऊन थेट ठाण्यात जा.