सेफॅलोस्पोरिनची सुई : उपयोग व मर्यादा

तुळजापूरकडील गोठ्यांत म्हशीच्या कासेस दगडी झाली, किंवा उस्मानाबादी शेळीस फुफ्फुसदाह जडला, तर पशुवैद्य प्रसंगीं सेफॅलोस्पोरिन वर्गाची सुई टोंचतात. या औषधांचें मूळ एका बुरशींत आहे. ती १९४५ सालीं जुझेप्पे ब्रोत्झू यांस सार्डिनिया बेटावर, सांडपाणी समुद्रास मिळतें तेथें सांपडली.

जंतूच्या देहाभोंवतीं भिंत असते. हें औषध ती बांधणाऱ्या गवंड्यांचे जणूं हातच धरतें; भिंत खिळखिळी होऊन जंतु फुटतो. जनावराच्या पेशींस अशी भिंत नसल्यानें त्या बचावतात. विषाणूसही ती नसते. म्हणून लाळ-खुरकुत किंवा लम्पी या मूळ रोगांवर ही सुई व्यर्थ होय.

कांहीं जंतु हें औषध मोडणारा रस निर्माण करितात. अपुऱ्या किंवा अनावश्यक सुईनें इतर मरतात व तेच माजतात. याच घराण्याचें सेफ्ट्रिआक्झोन माणसाच्या विषमज्वरावर देतात. गोठ्यांत हें शस्त्र बोथट केलें, तर घरचें मूल आजारी पडल्यास आपल्या हातीं काय उरेल? यास्तव मात्रा व दिवस पशुवैद्यांसच ठरवूं द्यावे, आणि त्यांनीं सांगितलेली मुदत संपेपर्यंत तें दूध विकूं नये व घरींही पिऊं नये, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे.