मांजराचे पिल्लू कसे निवडावे व कसे सांभाळावे



मांजर हा शेतकऱ्याचा मित्र आहे. उंदीर धान्य खातात ते वेगळेच, शिवाय लेंड्या टाकून नासतात. दिवाळीनंतर आमच्या ज्वारीच्या दोन पोत्यांना उंदरांनी भोके पाडली. दादा म्हणाले, "औषध टाकतो." आजी म्हणाली, "नको रे बाबा. औषध खाल्लेला उंदीर कुणाच्या मांजरानं खाल्ला तर ते पण मरतं. त्यापेक्षा मांजरच पाळू." म्हणून पिल्लू आणायचे ठरले. पिल्लाचे सगळे काम माझ्याकडे आले. त्यातून मी जे शिकले ते सांगते.

निवड : पिल्लू लवकर आणू नये. जन्मल्यावर त्याचे डोळे बंद असतात. ते साधारण ७ ते १४ दिवसांत उघडतात. डोळे उघडले म्हणजे पिल्लू मोठे झाले असे नाही. निदान ८ आठवडे ते आईजवळ राहिले पाहिजे. आमच्या गल्लीत एकाने तीन आठवड्यांचे पिल्लू आणले, ते चार दिवसांत मेले. शेजारच्या काकूंनी मांजर व्याली त्या दिवशी कॅलेंडरवर खूण केली होती. त्यामुळे आम्हाला ५६ दिवस मोजता आले.

चार पिल्ले होती. पिल्लाचे डोळे स्वच्छ हवेत, चिपडे नकोत. नाक वाहणारे नको. शेपटीखाली घाण नको, असली तर हगवण असते. अंगात पिसवा आहेत का तेही पाहावे. मी जमिनीवर सुतळी ओढली. एक करडे पिल्लू झडप घालून आले. तेच मी घेतले. तिचे नाव मनी.

घरी आणताना : पाटीत जुने लुगडे घालून वर कापड झाकावे. आईच्या अंगाखालचा फडका सोबत आणावा. त्या वासाने पिल्लाला धीर येतो. पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवावे. मनी दोन दिवस कणगीमागे लपून बसली. ओढून काढू नये. जवळ वाटी ठेवून गप्प बसावे. तिसऱ्या दिवशी ती आपण होऊन माझ्या मांडीवर आली. मला इतका आनंद झाला की मी अर्धा तास हललेच नाही!

एका पसरट खोक्यात कोरडी माती किंवा वाळू घालावी. मांजर उकरून त्यातच करते व झाकते. ते खोके जेवणाच्या वाटीपासून लांब ठेवावे.

खाणे : मांजर मांसाहारी आहे. नुसत्या दूधभाकरीवर त्याचे पोषण होत नाही. गायीम्हशीच्या दुधाने पुष्कळ पिल्लांना हगवण लागते. आम्ही उकडलेले अंडे, काटे काढलेली मासळी थोडी थोडी चार वेळा देतो. पाणी नेहमी भरलेले ठेवतो. कालवणाचा रस्सा देऊ नये, कारण कांदा व लसूण मांजराला विषारी असतात.

काळजी : जनावरांच्या दवाखान्यात नेऊन जंताचे औषध द्यावे व रेबीजची लस टोचून घ्यावी. मांजर चावले किंवा ओरखडले तर हळद-चुना लावू नये. जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. लहान मुलांनी ही गोष्ट घरी लपवू नये.

मनी आता पाच महिन्यांची झाली. परवा तिने पहिला उंदीर धरला. पोत्यांना नवीन भोक पडलेले नाही.

शेवटी एक सांगते. मांजर आडवे गेले की मोठी माणसेसुद्धा थांबतात. पण ते बिचारे आपल्या कामाला निघालेले असते. आपणही आपल्या कामाला जावे.

– इयत्ता ४ थी